दात, नाक आणि वीस दिवस

बांधावरून दोन घरांत जुंपते. एकाच्या मांडीला कोयता लागतो, बारा टाके पडतात. दुसऱ्याचा झटापटीत समोरचा दात पडतो. दोघंही पोलीस ठाण्यातून मेडिकल यादी घेऊन ग्रामीण रुग्णालयात जातात. नंतर कळतं की बारा टाक्यांची जखम कागदावर ‘साधी’ आहे आणि पडलेला दात मात्र ‘जबर दुखापत’ ठरला आहे. कोयत्याला धारदार हत्याराचं वेगळं कलम लागतं, तरी त्याची कमाल शिक्षा तीन वर्षं आणि दाताची सात. टाकेवाल्याच्या घरी या हिशेबाचा संताप होतो. वकील त्यांना समजावतात की कायद्याच्या यादीत दात आहे, टाके नाहीत.

ही यादी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मधली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये बसली आहे. तिच्यात जबर दुखापतीचे आठ प्रकार येतात. पुंस्त्व नष्ट होणं पहिलं. मग एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं, एखादा अवयव किंवा सांधा गमावणं, त्याची ताकद कायमची कमी होणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, आणि हाड किंवा दात मोडणं वा निखळणं. आठवा प्रकार लांबलचक आहे: जिवावर बेतणारी दुखापत, किंवा ज्या दुखापतीनं माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा आपली नेहमीची कामं करू शकत नाही अशी कोणतीही. नव्या संहितेत या वीसचे पंधरा झाले. या आठांत न बसणारं सगळं साधं, मग रक्त कितीही वाहिलेलं असो.

यादी जरा लक्ष देऊन वाचली की ती एका डोक्यातून उतरलेली नाही हे जाणवतं. कुठं सैनिकाचं शरीर दिसतं, कुठं अब्रू सांभाळणारा चेहरा, कुठं रोजंदारीवरचा हात. हे पूर्वज वेगवेगळे शोधावे लागतात.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. वैद्याची जखमांची यादी आणि न्यायाधीशाची यादी या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात ताज्या जखमांचे सहा प्रकार सांगितले आहेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. म्हणजे कापलेली, आत घुसून पोकळीपर्यंत गेलेली, टोकदार वस्तूनं टोचलेली, धड कापलेली नाही की टोचलेली नाही अशी वेडीवाकडी, चेचलेली आणि खरचटलेली. हाडांच्या बाबतीत तर सुश्रुताची नजर आणखी बारीक आहे. सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा. त्यातला एक अश्वकर्ण, मोडलेलं हाड घोड्याच्या कानासारखं वर आलेलं. आजच्या सरकारी दवाखान्यातला वैद्यकीय अधिकारी जखमीचं प्रमाणपत्र लिहितो तेव्हा जवळपास याच रकान्यांत लिहितो. खरचटलेलं, मुका मार, फाटलेली जखम, कापलेली, भोसकलेली, अस्थिभंग. मग लांबी, रुंदी, जागा, कशानं झाली असावी आणि किती वेळापूर्वीची. मुक्या माराचं वय तो रंगावरून ताडतो. आधी लालसर, मग निळं-काळं, पाच-सहा दिवसांनी हिरवट आणि पुढं पिवळं.

हे सगळं जखम कशी झाली आणि कशी भरेल, यासाठी. न्यायाधीशाला तेवढं पुरत नाही. त्याला विचारायचं असतं की यात माणसाचं गेलं किती? हा प्रश्न वैद्यकाहून स्वतंत्र आहे आणि फार जुना आहे.

त्याची सापडलेली जुनी उत्तरं भावफलकासारखी आहेत. मेसोपोटेमियातल्या उर-नम्मूच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे २१०० मध्ये, हाड मोडलं तर साठ शेकेल चांदी, नाक कापलं तर चाळीस, दात पाडला तर दोन. डोळ्याला डोळा आणि दाताला दात हा हम्मुराबीचा नियम त्यानंतर तीनेकशे वर्षांनी आला आणि तोही बरोबरीच्या माणसांपुरता. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर तिथंही चांदी मोजून सुटका होती. इसवी सन ६०० च्या आसपास इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यात तर बोटागणिक दर आहेत. अंगठा वीस शिलिंग, अंगठ्याचं नख तीन, करंगळी अकरा, समोरचा प्रत्येक दात सहा. आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं परिशिष्ट याच जातीचं आहे. त्याच्या दुरुस्त रूपात अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असं धरत, तर्जनीला १४ टक्के, करंगळीला ७. तेराशे वर्षांनीही अंगठा पहिल्या नंबरावर राहिला. केंटच्या राजाला करंगळी एवढी महाग का वाटली, ते मात्र गिरणीच्या मुकादमाला पटलं नसतं.

कौटिल्याचं अर्थशास्त्र या भावफलकाच्या पुढं गेलेलं आहे, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शहाणं प्राचीन प्रकरण त्यातच आहे. तिसऱ्या अधिकरणातल्या दण्डपारुष्य या प्रकरणाची सुरुवात नुसत्या स्पर्शापासून होते. स्पर्श करणं, हात उगारणं आणि मारणं, अशा तीन पायऱ्या. बेंबीच्या खाली हातानं, चिखलानं, राखेनं किंवा धुळीनं स्पर्श केला तर तीन पण (पण हे तेव्हाचं नाणं) दंड. पायानं किंवा थुंकीनं सहा. ओकारी, मूत्र किंवा विष्ठेनं बारा. बेंबीच्या वर दुप्पट, डोक्यावर चौपट. लाकूड, दगड, दोरी अशा वस्तूनं मारून रक्त न काढता दुखवलं तर चोवीस पण, रक्त निघालं तर दुप्पट. इथं कौटिल्यानं एक सवलत घालून ठेवली आहे: आधीच दूषित असलेलं रक्त वाहिलं तर हा वाढीव दंड नाही. मार खाणाऱ्याच्या जुन्या गळवाचं खापर मारणाऱ्याच्या डोक्यावर फुटू नये, एवढा बारीक विचार या माणसानं केला होता.

पुढं तो गंभीर प्रकारांकडे येतो. हात, पाय, दात मोडणं, कान-नाक कापणं याला पहिल्या पायरीचा साहसदंड, म्हणजे बळजोरीच्या गुन्ह्याचा दंड. मांडी किंवा मान मोडणं, डोळा फोडणं, आणि बोलणं, हालचाल किंवा जेवण अडेल अशी इजा करणं याला मधल्या पायरीचा दंड. ‘बोलणं, हालचाल, जेवण’ हे निकष पाहा. कुठला अवयव दुखावला हे विचारून कौटिल्य थांबत नाही. रोजचं जगणं कुठं अडलं, असं तो विचारतो. दंडासोबत तो समुत्थानव्ययही लावतो, म्हणजे जखमी माणूस पुन्हा उठून उभा राहीपर्यंतचा खर्च मारणाऱ्यानं द्यायचा. हीच यादी थोड्याफार फरकानं याज्ञवल्क्यस्मृतीत येते आणि तिच्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानं विज्ञानेश्वरानं लिहिलेल्या मिताक्षरेत उलगडली जाते. अर्थात हा सगळा हिशेब वर्णाच्या उतरंडीनं गुणला आणि भागला जायचा. श्रेष्ठाला मारलं तर दुप्पट दंड, कनिष्ठाला मारलं तर निम्मा. तिथं शहाणपण संपतं.

आपली आठ कलमी यादी मात्र या घराण्यातून थेट आलेली नाही. तिचे कागदोपत्री आजे-पणजे इंग्लंड आणि फ्रान्सचे.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘मेहेम’ नावाचा एक गुन्हा होता. त्याची कसोटी एकच: या इजेमुळं माणूस लढायला कमी पडला का? हात, बोट, डोळा गेला तर मेहेम. पुंस्त्व गेलं तर मेहेम, कारण त्यानं धैर्य जातं अशी समजूत. समोरचा दात पडला तरी मेहेम, कारण दातानं शत्रूला चावता येतं. नाक किंवा कान कापला तर मात्र मेहेम नाही. त्यानं माणूस कुरूप दिसेल, पण तलवार तितकीच चालेल. प्रजेचं शरीर हे राजाच्या फौजेचं सामान होतं, आणि मालकाखेरीज कुणालाही ते मोडायचा हक्क नव्हता, खुद्द त्या शरीरात राहणाऱ्यालाही नाही. १६१३ मध्ये एका धडधाकट तरुणानं भीक बरी मिळावी म्हणून साथीदाराकडून स्वतःचा डावा हात तोडून घेतला, तर दोघांवर खटला होऊन दोघांना दंड झाला.

नाक या कायद्यात शिरलं ते एका टोमण्यामुळं. १६७० च्या डिसेंबरात इंग्लंडच्या संसदेत नाटकगृहांवर कर बसवण्याची चर्चा चालली होती. नाटकं राजाच्या करमणुकीसाठी असतात, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर सर जॉन कॉव्हेंट्री या सभासदानं विचारलं की राजाची करमणूक नटांमध्ये आहे की नट्यांमध्ये? दुसऱ्या चार्ल्सची अभिनेत्रींशी असलेली प्रकरणं सगळ्या शहराला ठाऊक होती. काही दिवसांतच रात्री रस्त्यात गाठून राजाच्या पहाऱ्यातल्या शिपायांनी कॉव्हेंट्रीचं नाक हाडापर्यंत चिरलं. संसद खवळली. १६७१ मध्ये तिनं कायदा केला की दबा धरून, विद्रूप करण्याच्या हेतूनं जीभ कापणं, डोळा काढणं, नाक किंवा ओठ चिरणं याला फाशी.

हा कायदा किती आंधळेपणानं लिहिला होता ते १७२२ च्या एका खटल्यात दिसलं. अरंडेल कोक या वकिलानं आपल्या मेहुण्याला मारण्यासाठी माणूस लावला. मेहुणा वाचला, चेहरा मात्र चिरला गेला. कोर्टात कोकचा बचाव असा, की मला त्याला विद्रूप करायचं नव्हतंच, मला त्याला ठार करायचं होतं! खुनाचा प्रयत्न तेव्हा किरकोळ गुन्हा होता आणि नाक चिरण्याला फाशी होती, म्हणून हा बचाव कायद्याच्या दृष्टीनं मूर्खपणाचा नव्हता. ज्युरीनं ऐकलं नाही. कोक फासावर गेला.

नाकाची गोष्ट निघालीच आहे तर पुणेही आठवावं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये एक चित्र आणि मजकूर छापून आला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या हाती सापडला होता आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला होता. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या विटा करणाऱ्यांपैकी एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज सर्जन ते पाहायला हजर होते. त्या वेळी पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं ते वाचून, बरीच वर्षं तयारी करून, १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कायदा आणि शस्त्रक्रिया या दोघांनाही नाकाचं महत्त्व साधारण एकाच कारणानं कळलं: ज्याचं नाक गेलं तो जिवंत असतो, काम करू शकतो, पण लोकांत तोंड दाखवू शकत नाही.

मुंबई इलाख्यात १८२७ पासून एल्फिन्स्टनच्या नियमसंग्रहातला चौदावा नियम फौजदारी गुन्ह्यांसाठी चालत होता. कलकत्त्यात मात्र सगळ्या हिंदुस्थानासाठी एकच संहिता लिहायचं काम मेकॉलेच्या विधी आयोगाकडे आलं, आणि १८३७ मध्ये त्यांनी मसुदा गव्हर्नर जनरलला सादर केला. मसुद्याला जोडलेल्या टिपांमध्ये दुखापतीवर एक सुंदर टीप आहे. तिचा मथितार्थ असा: किरकोळ इजा आणि गंभीर इजा यांच्यामध्ये अचूक रेषा काढणं अशक्य आहे, तरी ओबडधोबड रेषा असलेली बरी, कारण ती नसेल तर खुनाच्या जवळ जाणारा हल्ला आणि थट्टामस्करीतला धक्का एकाच पोत्यात जातील. डोळा, कान, अवयव, चेहरा, हाड इथवर त्यांचं पाऊल खात्रीचं होतं. अडचण त्यापुढची. एखादी जखम यातलं काहीच न तोडता माणसाला महिनाभर अंथरुणाला खिळवू शकते. ती आणि पट्टी लावून भागणारा ओरखडा एकच कसे मानायचे?

उत्तर त्यांनी नेपोलियनच्या १८१० च्या दंड संहितेतून घेतलं आणि तसं उघड लिहिलंही. तिच्या ३०९ व्या कलमात मारहाणीमुळं वीस दिवसांहून जास्त आजारपण आलं किंवा काम करता आलं नाही, तर जबर शिक्षा होती. हे वीस दिवस समुद्र ओलांडून यादीच्या आठव्या कलमात बसले. आज खुद्द फ्रान्समध्ये सीमारेषा आठ दिवसांवर आली आहे.

मेकॉलेचा मसुदा तेवीस वर्षं चाळला गेला. ६ ऑक्टोबर १८६० रोजी संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू. मेकॉले १८५९ च्या डिसेंबरातच वारला होता. अंतिम यादीत मेहेमचा सैनिक सुरुवातीलाच उभा आहे, कारण पुंस्त्वाचा नंबर पहिला. दाताचं नातंही मी तिकडंच लावतो. सहावं कलम कॉव्हेंट्रीच्या नाकाचं, आठव्यातला उत्तरार्ध फ्रान्सच्या कामकऱ्याचा. या तिघांना एका कुटुंबात कोंबल्यामुळंच पडलेला दात बारा टाक्यांच्या वर जाऊन बसतो.

पुढच्या दीडशे वर्षांत या यादीनं महाराष्ट्राच्या बोलीत घर केलं. तीनशे तेवीस म्हणजे हातापायानं साधी मारहाण, पोलीस एनसी लिहून घेतात आणि कोर्टात जा म्हणतात. चोवीस म्हणजे साधीच इजा, पण हत्यारानं. पंचवीस म्हणजे जबर. सव्वीस म्हणजे हत्यारानं जबर, आणि इथं जामीन अवघड. ‘सव्वीस लागलं का?’ एवढ्या प्रश्नात गावातल्या मारामारीचा निकाल विचारला जायचा. नव्या संहितेनं हे सलग आकडे उधळले. ११५(२), ११८(१), ११७(२), ११८(२) असे आकडे कुणाच्या तोंडी बसायला एक पिढी जाईल.

यादीचे शब्द तेच राहिले, पण तिच्यात काय बसतं ते बदलत गेलं, आणि सगळ्यात मोठा बदल कुठल्या न्यायाधीशानं केला नाही. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. मेकॉलेच्या काळी हाड मोडलं हे सूज, वाकडेपण आणि बोटांना जाणवणारी खरखर यांवरून ठरायचं. आता करंगळीच्या हाडावरची केसाएवढी चीर फिल्मवर दिसू लागली, आणि सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की हाड आरपार मोडायची गरज नाही, चीर किंवा भेग पुरे. कायद्यानं आपला एकही शब्द न बदलता जबर दुखापतींची संख्या वाढली. त्यामुळंच मारामारीनंतर पहिला प्रश्न ‘दुखतंय का’ असा नसतो, ‘एक्स-रेत काय आलं’ असा असतो.

आठव्या कलमाची अवस्था याच्या उलट झाली. यादीतलं हे सगळ्यात न्याय्य कलम आहे असं मी म्हणेन, कारण फक्त तेच माणसाच्या जगण्याकडे पाहतं. व्यवहारात मात्र ‘नेहमीची कामं’ बाजूला पडली आणि दवाखान्यातले दिवस मोजले जाऊ लागले. एकवीस दिवस ॲडमिट राहा, असा सल्ला कोर्टाच्या आवारात फुकट मिळायचा. न्यायालयांनी वेळोवेळी बजावलं आहे की नुसतं खाटेवर पडून राहणं पुरावा नाही. वेदना तीव्र होत्या किंवा कामं बंद पडली होती हे सिद्ध व्हायला हवं. मग एक उलटा अन्याय होतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईचा खांदा मुक्या मारानं महिनाभर वर होत नाही, पण तिला दुसऱ्या दिवशी घरी सोडलेलं असतं. कागदावर साधी दुखापत. दवाखान्यात राहण्याचे दिवस आता सगळीकडेच आखडले आहेत, म्हणून वीसचे पंधरा करणं मला योग्य वाटतं. पण आकडा बदलून मोजमापाची चूक जात नाही.

यादीत बाईचं शरीर फारसं नव्हतंच. गर्भपात घडवण्याची कलमं वेगळी होती, तरी आठ प्रकारांच्या डोक्यावर पुंस्त्व आहे आणि गर्भाशय कुठंच नाही. मेंदूही नव्हता. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्या १८ मे २०१५ पर्यंत अंथरुणावर राहिल्या. हल्लेखोराला खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांखाली सात वर्षांची शिक्षा झाली होती. दुखापतीनं माणूस कायमचा अचेतन अवस्थेत गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी, हे कलम दुखापतीच्या प्रकरणात आता, ११७(३) म्हणून आलं आहे.

ॲसिड हल्ल्यासाठी २०१३ मध्ये ३२६-अ आलं, आज ते १२४ आहे. किमान शिक्षा दहा वर्षं, कमाल जन्मठेप. त्यात दंडाची रक्कम पीडितेच्या उपचारांचा खर्च भागेल एवढी असावी आणि ती तिलाच द्यावी, असं म्हटलं आहे. कौटिल्याचा समुत्थानव्यय परत आला म्हणायचा, फक्त एका कलमापुरता. मांडीला बारा टाके पडलेल्याला तो अजूनही वेगळा मागावा लागतो.

म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो. मार खाऊन सरकारी दवाखान्यात जायची वेळ आली, तर जखम कुठं आहे एवढंच सांगून थांबू नका. पोट कोणत्या कामावर चालतं, त्यासाठी हात किती उचलावा लागतो, किती तास उभं राहावं लागतं, हे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. पोलिसांच्या जबाबातही तेच लिहवा. पंधरा दिवस काम बंद राहिलं तर पुन्हा जाऊन तपासणी करून घ्या आणि तिची नोंद ठेवा. आठव्या कलमाचा लाभ नोंद असलेल्यालाच मिळतो.